भूसुरुंग निर्मूलन आणि अर्थसाहाय्य : कंबोडियाचा अनुभव

सन २०१० च्या नोव्हेंबर महिन्यात कंबोडियाच्या वायव्य भागातील बट्टंबांग प्रांतात मिरचीच्या तोडणीचे काम आटोपून काही माणसे ट्रॅक्टरवरून घरी परतत होती. वाटेत जमिनीत पुरलेला रणगाडाविरोधी सुरुंग चाकाखाली आला आणि झालेल्या स्फोटात १४ जण मृत्युमुखी पडले. त्या देशातील अखेरचे युद्ध संपून तेव्हा बारा वर्षे होऊन गेली होती.

रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या पायाने सहसा उडत नाही. त्याला बराच मोठा भार लागतो. त्यामुळे ज्या वाटेवरून वर्षानुवर्षे माणसे चालत गेली, त्या वाटेखालीही तो निद्रिस्त राहू शकतो. कंबोडियात पुढे कसावा व मका यांची लागवड वाढली, शेतकऱ्यांच्या हाती थोडा पैसा आला, बैल-रेड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, नांगराचा फाळ पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागला. आणि जी जमीन निर्धोक समजली जात होती तिच्यातून सुरुंग जागे झाले. विकासाची गती वाढली की सुरुंगांचा धोका आपोआप कमी होतो, हा समज या अनुभवाने खोटा ठरविला. सुरुंग काढण्याचे काम विकासकार्याच्या आधी तरी व्हावे लागते किंवा निदान त्याच्या बरोबरीने तरी चालावे लागते, आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणी, किती काळ व कोणत्या अटींवर द्यावयाचा हा प्रश्न उपस्थित होतो. कंबोडिया हा देश या प्रश्नाशी तीन दशकांहून अधिक काळ झगडत आहे.

सुरुंगांचा वारसा

कंबोडियाच्या भूमीत सुरुंग पेरण्यास १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रारंभ झाला व ते १९९८ पर्यंत चालू राहिले. १९७५ ते १९७९ या काळातील ख्मेर रूज राजवट, १९७९ च्या आरंभी व्हिएतनामी सैन्याने केलेला तिचा पाडाव व त्यानंतरचे दीर्घ गृहयुद्ध या काळात सर्वच पक्षांनी सुरुंगांचा सढळ उपयोग केला. यांतील सर्वांत घातक भाग म्हणजे १९८० च्या दशकाच्या मध्यास थायलंडच्या सीमेवर निर्माण करण्यात आलेला ‘के-५’ नावाचा सुरुंगपट्टा. सीमेपलीकडील तळांवरून येणाऱ्या गनिमांना रोखण्यासाठी सुमारे ७०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या या पट्ट्यात हजारो शेतकऱ्यांना सक्तीने राबविण्यात आले. कोठे किती सुरुंग पुरले याचे विश्वसनीय नकाशे मागे राहिले नाहीत. पूर्वेकडील प्रांतांत याखेरीज दुसरे संकट आहे. १९६५ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी टाकलेल्या बाँबपैकी न फुटलेले बाँब व गुच्छबाँबच्या गोळ्या तेथे आजही सापडतात.

१९७९ पासून सुरुंग व न फुटलेला दारूगोळा यांमुळे या देशात सुमारे २०,००० माणसे मरण पावली असून ४५,००० हून अधिक जखमी वा अपंग झाली आहेत. १९९६ या एकाच वर्षी ४,३२० जण या अपघातांस बळी पडले. पुढे ही संख्या उतरत गेली : २००६ मध्ये ४५०, २०१० मध्ये २८६ आणि २०२३ मध्ये ३२. २०२४ मध्ये ती पुन्हा ४९ वर गेली. या आकड्यांमागे सुरुंग काढणाऱ्यांचे श्रम आहेत, तसेच शाळाशाळांतून व गावागावांतून दिलेले धोक्याचे शिक्षण आहे. अपघातात पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम अवयवांची केंद्रे निघाली. त्यांपैकी काहींमध्ये भारतातील ‘जयपूर पाय’ बनविण्याचे तंत्र वापरले गेले, हेही येथे नमूद करावयास हवे. मात्र दाते सुरुंग काढण्यास जेवढ्या तत्परतेने पैसा देतात तेवढ्या तत्परतेने अपंगांच्या आयुष्यभराच्या गरजांसाठी देत नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि ती खरी आहे.

एक चौरस मीटर जमीन

सुरुंग पेरणे स्वस्त, काढणे महाग. एक सुरुंग तयार करण्यास ३ ते ३० डॉलर पुरतात, तर तोच शोधून काढून नष्ट करण्यास ३०० ते १,००० डॉलर लागतात, असा संयुक्त राष्ट्रांचा १९९० च्या दशकातील अंदाज होता. हा खर्च कशाचा, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण निधीविषयीचे बहुतेक वाद येथूनच उत्पन्न होतात.

संशयित क्षेत्रात सुमारे एक मीटर रुंदीच्या पट्ट्या आखल्या जातात. प्रत्येक पट्टीत एकच कामगार असतो. तो आधी झुडपे कापतो, मग धातुशोधक यंत्र जमिनीलगत फिरवितो. यंत्राने इशारा दिला की गुडघे टेकून, तिरप्या धरलेल्या शलाकेने व लहान खुरप्याने तो माती बाजूने उकरीत जातो. बहुतेक वेळा हाती लागते ती बंदुकीच्या गोळीची पुंगळी, खिळा किंवा डब्याचा पत्रा. कंबोडियाच्या अनेक भागांतील जांभ्या मातीत लोहाचे प्रमाण अधिक असल्याने यंत्र मातीलाच धातू समजते. काही सुरुंगांचे आवरण प्लॅस्टिकचे असून आत धातूचा अंश नाममात्र असतो, तेव्हा यंत्राची संवेदनक्षमता वाढवावी लागते, आणि ती वाढविली की खोटे इशारेही वाढतात. एका सुरुंगामागे शेकडो निरुपद्रवी तुकडे उकरावे लागणे ही नित्याची गोष्ट होय. पावसाळ्यात अनेक ठिकाणी काम थांबते. अशा कामात घाई करता येत नाही आणि चूक तर करताच येत नाही.

यासाठी कामगाराचे प्रशिक्षण, वेतन, विमा, संरक्षक पोषाख, वैद्यकीय पथक, वाहन, बिनतारी यंत्रणा व काम पूर्ण झाल्यावरची स्वतंत्र तपासणी हा सारा खर्च धरावा लागतो. यंत्राने झुडपे कापणे, प्रशिक्षित कुत्र्यांनी वा मोठ्या आफ्रिकी उंदरांनी वासावरून स्फोटक हुडकणे अशा उपायांनी कामास वेग आला. वजन कमी असल्याने हे उंदीर सुरुंगावरून फिरले तरी तो उडत नाही. मगावा नावाच्या अशा एका उंदरास २०२० मध्ये ब्रिटनमधील एका पशुकल्याण संस्थेचे सुवर्णपदक मिळाले, तेव्हा कंबोडियातील या कार्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. उंदराचे छायाचित्र जितके वृत्तपत्रांतून झळकले तितका हिशेबाचा तपशील कधी झळकला नाही, हेही तितकेच खरे. चौरस मीटरला अर्धा डॉलर एवढाच दर धरला तरी एका हेक्टरला पाच हजार डॉलर पडतात. ज्या शेतकऱ्याला ती जमीन कसावयाची आहे त्याच्या आवाक्याबाहेरची ही रक्कम आहे.

परकीय निधीचा पहिला कालखंड

ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिस येथे शांतता करार झाला. थायलंडच्या सीमेवरील छावण्यांत राहणाऱ्या साडेतीन लाखांहून अधिक निर्वासितांना परत आणावयाचे होते व त्यांना शेतीसाठी जमीन द्यावयाची होती; परंतु जमीनच सुरुंगांनी व्यापलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या संक्रमणकालीन प्राधिकरणाने स्थानिक तरुणांना सुरुंग काढण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. या प्राधिकरणाच्या शांतिसेनेत भारतीय सैनिकांची तुकडीही होती. जून १९९२ मध्ये कंबोडियन सुरुंगकार्य केंद्राची स्थापना झाली. संयुक्त राष्ट्रांची मोहीम १९९३ मध्ये आटोपल्यावर हे केंद्र संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने उभारलेल्या न्यासनिधीच्या आधारावर चालू राहिले. वेगवेगळी राष्ट्रे आपापली रक्कम या निधीत जमा करीत व त्यातून पथकांचे वेतन भागविले जाई. याच सुमारास ब्रिटनमधील दोन व नॉर्वेमधील एक स्वयंसेवी संघटना आपापल्या निधीच्या बळावर स्वतंत्रपणे काम करू लागल्या.

ही व्यवस्था काही वर्षे सुरळीत चालली. १९९९ मध्ये मात्र केंद्राच्या हिशेबांविषयी, नोकरभरतीविषयी व कोणाची जमीन प्रथम साफ करण्यात आली याविषयी गंभीर प्रश्न उपस्थित झाले. गरीब शेतकऱ्यांसाठी आलेल्या पैशातून वजनदार व्यक्तींच्या उपयोगाची जमीन साफ झाल्याचे आरोप झाले. दात्या राष्ट्रांनी निधी रोखून धरला. लेखापरीक्षणे झाली, वरिष्ठ पातळीवर बदल झाले. पण मध्यंतरी तिजोरी रिकामी झाली आणि २००० च्या उत्तरार्धात केंद्राला आपल्या निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांना घरी पाठवावे लागले.

या घटनेत दोष कोणाचा याची चर्चा पुष्कळ झाली. तिची किंमत कोणी मोजली याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. हिशेब चोख मागणे हा दात्यांचा अधिकार होता, त्याविषयी दुमत नाही. परंतु निधी एकदम बंद केल्याने दप्तरातील गैरप्रकाराची शिक्षा शेतातील कामगाराला आणि सुरुंगपट्ट्यालगत राहणाऱ्या कुटुंबाला भोगावी लागली. सुरुंग काढणाऱ्या हाताला तयार होण्यास काळ लागतो. तो हात एकदा पोटासाठी दुसऱ्या धंद्यात गेला की पुन्हा निधी सुरू झाला तरी लगेच परत येत नाही. साहाय्य वर्षावर्षाच्या तुकड्यांनी देण्याची जी पद्धत पुढेही चालू राहिली तिच्यातही हाच दोष आहे : एक करार संपून दुसरा होईपर्यंत पथके बसून राहतात आणि नेमका कोरडा हंगाम वाया जातो.

या धड्यानंतर सप्टेंबर २००० मध्ये राष्ट्रीय सुरुंगकार्य प्राधिकरण स्थापन करण्यात आले. सुरुंग काढण्याचे काम एकाने करावे आणि धोरण, परवाने, मानके व तपासणी यांची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी, अशी विभागणी झाली. काम करणारा व काम तपासणारा एकच असू नये हे तत्त्व पाणीपुरवठ्याच्या वा रस्त्याच्या कामातही सर्वमान्य आहे. येथे मात्र ते उशिरा अंगीकारले गेले.

यादी कोणी करावी?

खरा प्रश्न प्राधान्याचा. हजारो सुरुंगक्षेत्रे आणि पथके मोजकी, अशा स्थितीत पहिले कुदळ-खुरपे कोठे पडावे? राजधानीत बसलेल्या अधिकाऱ्याला महामार्ग दिसतो, परकीय दात्याला आपला फलक लागेल अशी शाळा दिसते, आणि गावकऱ्याला पाणवठ्याकडे जाणारी पाऊलवाट दिसते.

कंबोडियात यावर जी योजना बसविण्यात आली ती पंचायत राज्याशी परिचित असलेल्या वाचकास विशेष उद्बोधक वाटेल. त्या देशात अनेक गावे मिळून एक ‘खुम’ होतो. खुम परिषदांच्या पहिल्या निवडणुका फेब्रुवारी २००२ मध्ये झाल्या. त्यापूर्वीच, १९९९ च्या सुमारास, बट्टंबांगसारख्या प्रांतांत भूमि-उपयोग नियोजनाची छोटी पथके प्रयोगादाखल काम करू लागली होती. २००४ मध्ये या पथकांना प्रांतिक सुरुंगकार्य समितीच्या हाताखालील नियोजन कक्षाचे रीतसर स्वरूप देण्यात आले. दरवर्षी गावपातळीवर चर्चा होऊन कोणती जागा आधी मोकळी करावयाची हे ठरते. खुमाची यादी ‘स्रोक’कडे, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या घटकाकडे जाते व तेथून प्रांतिक समितीकडे. नियोजन कक्षाचे कर्मचारी प्रत्यक्ष जागेवर जाऊन जमिनीचा उपयोग कशासाठी होणार, लाभार्थी कोण, जमिनीविषयी तंटा आहे काय, याची पाहणी करतात. तंटा असेल तर ती जागा यादीतून मागे ठेवली जाते. काम पुरे झाल्यावर काही महिन्यांनी पुन्हा भेट देऊन ठरलेल्याच कुटुंबाच्या ताब्यात जमीन आहे की नाही हे पाहिले जाते.

ही शेवटची पायरी वरकरणी क्षुल्लक दिसते, पण साऱ्या योजनेचा प्राण तिच्यात आहे. सुरुंग असेपर्यंत जमिनीला कोणी विचारीत नाही, म्हणून भूमिहीन तेथे वस्ती करतात. सुरुंग निघाले की तिची किंमत चढते आणि धनवंतांचे लक्ष तिच्याकडे जाते. ख्मेर रूजच्या काळात जमिनीची सारी दप्तरे नष्ट झाल्याने बहुसंख्य शेतकऱ्यांजवळ मालकीचा कागद नव्हता. अशा स्थितीत परकीय पैशाने साफ केलेली जमीन दुबळ्याच्या हातून निसटण्याचे प्रकार घडले. लाभार्थ्यांची नावे कामापूर्वीच लिहून जाहीर करणे हा त्यावरील साधा व बिनखर्चाचा उपाय होय. तो नेहमीच यशस्वी झाला असे मात्र नाही. यादी करणारी परिषद जेथे गावातील प्रबळांच्या मुठीत राहिली तेथे यादीही त्यांचीच झाली.

मोजणीने वाचविलेला पैसा

१९९० च्या दशकात कंबोडियात ४० ते ६० लाख सुरुंग असल्याचे सांगितले जाई. हा आकडा मोजणीतून आलेला नव्हता. भीती दाखविणारा आकडा निधी उभारण्यास उपयोगी पडतो, पण काम आखण्यास निरुपयोगी ठरतो. कॅनडाच्या साहाय्याने २००० ते २००२ या काळात देशव्यापी पाहणी झाली. तिच्यानुसार ६,४२२ गावे, म्हणजे देशातील सुमारे ४६ टक्के गावे बाधित होती आणि ४,४६६ चौरस किलोमीटर जमीन संशयित होती. संपूर्ण गोवा राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, हे ध्यानी घेतल्यास या आकड्याचा आवाका लक्षात येईल. एवढी सारी जमीन हातांनी उकरावयाची म्हटले तर पिढ्या लोटल्या असत्या.

तथापि या पाहणीतील पुष्कळशी ‘संशयित’ जमीन शेतकरी प्रत्यक्षात कसत होते. सरकारी पथकाची वाट पाहण्याइतका धीर भुकेला नसतो. अनेक गावकऱ्यांनी कुदळीने व काठीने, जीव धोक्यात घालून, आपली जमीन आपणच मोकळी करून घेतली होती. त्यांत माजी सैनिकांचा भरणा मोठा होता. सुरुंगनिर्मूलनाच्या कोणत्याही ताळेबंदात त्यांच्या श्रमाची नोंद नाही. २००९ पासून नव्या पद्धतीने पायाभूत सर्वेक्षण हाती घेण्यात आले. त्यात सुरुंगांचा प्रत्यक्ष पुरावा कोठे आहे, जमीन किती वर्षे विनाअपघात कसली गेली आहे, याची गावकऱ्यांकडून बारकाईने विचारपूस झाली. १२४ स्रोकांतील पहिली फेरी संपली तेव्हा सुरुंग व न फुटलेला दारूगोळा मिळून बाधित क्षेत्र सुमारे १,९०० चौरस किलोमीटर भरले.

सर्वेक्षणावर खर्च केलेला पैसा दात्यांच्या अहवालात उठून दिसत नाही. त्यात स्फोट नाही, नष्ट केलेल्या सुरुंगांचा ढीग नाही. पण ज्या जमिनीत सुरुंग नाही ती उकरण्याचा खर्च त्याने वाचतो, आणि बचतीच्या दृष्टीने याहून फायदेशीर बाब या क्षेत्रात दुसरी नाही.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २००६ पासून ‘परिणामांसाठी निर्मूलन’ या नावाची जी बहुवर्षीय योजना चालविली तिच्यात अनेक राष्ट्रांचे पैसे एकत्र येतात, राष्ट्रीय प्राधिकरणाचे त्यावर नियंत्रण राहते आणि पुढील टप्प्यांत कामे स्पर्धात्मक निविदांनी देण्याची पद्धत आली. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, स्वित्झर्लंड व नंतर दक्षिण कोरिया यांचे तिला साहाय्य लाभले. निविदांमुळे चौरस मीटरमागचा दर उतरला, हा लाभ निर्विवाद. परंतु दरावर फार भर दिला की ठेकेदार संस्था सपाट, मोकळ्या व कमी सुरुंग असलेल्या जमिनीकडे वळते, कारण तेथे मोजमाप लवकर भरते. के-५ पट्ट्यातील दाट सुरुंगांची, डोंगरउताराची, झुडपांनी भरलेली जमीन मागे राहते. अहवालातील हेक्टर वाढतात, पण धोका त्या प्रमाणात घटत नाही. चौरस मीटर हे सोयीचे माप आहे; किती सुरुंग निघाले व किती माणसांची वाट मोकळी झाली हे मोजणे अवघड असले तरी त्याच मापाने काम जोखावयास हवे.

स्वदेशी वाटा आणि परदेशी हेतू

दीर्घकाळ या कार्याचा बहुतांश खर्च परदेशांनी उचलला. शासनाचा वाटा करमाफी, जागा, सैन्यातील अभियंत्यांची पथके व काही रोख रक्कम अशा स्वरूपाचा होता. दात्यांत जपान व अमेरिका अग्रभागी राहिले. जपानने रोख साहाय्याबरोबर झुडपे कापणारी व सुरुंग फोडणारी यंत्रे, धातू व भूगर्भ एकाच वेळी पारखणारे शोधक आणि तंत्रज्ञ दिले. अमेरिकेचा पैसा मोठ्या प्रमाणात पूर्वेकडील प्रांतांतील न फुटलेल्या बाँबच्या कामावरही खर्च झाला. ते बाँब मुळात कोणाचे होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. अलीकडच्या वर्षांत चीनही या क्षेत्रात उतरला. कोणतेही साहाय्य निव्वळ दयाबुद्धीने येत नाही. राजनैतिक संबंध, यंत्रांची बाजारपेठ, जुन्या कृत्यांची भरपाई असे नाना हेतू त्यामागे असतात. साहाय्य घेणाऱ्या देशाने ते जाणून घ्यावे आणि तरीही पथके शेतात राहतील असा व्यवहार साधावा, एवढेच त्याच्या हाती असते.

कंबोडियाने १९९९ मध्ये माणूसविरोधी सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा कराराचा स्वीकार केला. दहा वर्षांत सारी जमीन मोकळी करण्याची त्यातील अट पाळणे शक्य झाले नाही व मुदत प्रथम २०२० च्या आरंभापर्यंत, पुढे २०२५ च्या अखेरपर्यंत वाढवून घ्यावी लागली. २०१९ मध्ये मुदतवाढ मागताना सुरुंगांची सुमारे ८९० चौरस किलोमीटर जमीन शिल्लक असल्याचे व त्यासाठी सुमारे १६ कोटी ५३ लाख डॉलर लागतील असे सांगण्यात आले. अपेक्षेइतका निधी परदेशांतून येत नाही असे दिसल्यावर २०२२ मध्ये शासनाने देशातील व्यापारी, उद्योजक व नागरिक यांना आवाहन करून एक स्वदेशी निधी उभारला. राज्यकर्त्यांच्या शब्दाखातर धनिकांनी दिलेल्या अशा देणग्यांना करासारखी निश्चितता नसते, ही टीका योग्यच आहे. तरीही आपल्या भूमीतील सुरुंगांसाठी आपल्या खिशातून पैसा काढण्याची ही सुरुवात दुर्लक्षणीय नव्हे. त्यामुळे अनेक प्रांत एकामागून एक सुरुंगमुक्त घोषित करता आले.

या साऱ्या काळात कंबोडियाच्या पदरात आणखी एक भांडवल पडले, ते म्हणजे माणसांचे कसब. आतापर्यंत दहा लाखांहून अधिक माणूसविरोधी सुरुंग त्यांच्या हातून नष्ट झाले आहेत. २००६ मध्ये कंबोडियाची सुरुंग काढणारी तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर सुदानला गेली. पुढे लेबनॉन, माली, दक्षिण सुदान येथेही अशा तुकड्या गेल्या. एकेकाळी ज्यांना परदेशी प्रशिक्षक शिकवीत होते तेच आता शिकवू लागले. जानेवारी २०२३ मध्ये जपानच्या साहाय्याने युक्रेनचे सुरुंगतज्ज्ञ प्रशिक्षणासाठी कंबोडियात आले.

२०२५ ची कसोटी

याच युक्रेनमुळे जागतिक निधीची दिशाही बदलली. २०२३ मध्ये जगभरातील सुरुंगकार्यासाठीच्या साहाय्याने प्रथमच १०० कोटी डॉलरांची मर्यादा ओलांडली, परंतु त्यातील सर्वांत मोठा हिस्सा एकट्या युक्रेनकडे गेला. नवे युद्ध वृत्तपत्रात असते, जुने युद्ध फक्त जमिनीत असते. दाता वृत्तपत्र वाचतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ओटावा कराराची पाचवी आढावा परिषद कंबोडियात, अंकोरच्या मंदिरांजवळील सिएम रिआप येथे भरली. पुढच्याच जानेवारीत अमेरिकेने आपले सर्व परदेशी साहाय्य ९० दिवसांसाठी स्थगित केले आणि त्यावर अवलंबून असलेल्या कंबोडियातील पथकांना काम थांबवावे लागले. फेब्रुवारीत चीनने ४४ लाख डॉलरांचे साहाय्य जाहीर केले. काही आठवड्यांनी अमेरिकेनेही या कामापुरती सूट दिली. याच फेब्रुवारीत सिएम रिआप प्रांतातील एका गावात खेळता खेळता सापडलेल्या जुन्या स्फोटकाने दोन वर्षांच्या दोन बालकांचा बळी घेतला. जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या सीमेवर सशस्त्र संघर्ष भडकला, हजारो लोक विस्थापित झाले आणि नवे सुरुंग पेरल्याच्या आरोपांवरून दोन्ही देशांत वाद सुरू झाला. ज्या के-५ पट्ट्यात सर्वांत दाट सुरुंग शिल्लक आहेत तोच हा सीमाभाग. २०२५ हे वर्ष सुरुंगमुक्तीचे ठरविण्यात आले होते. त्याऐवजी त्या वर्षी कंबोडियाला आणखी पाच वर्षांची मुदत मागावी लागली.

सुरुंगक्षेत्रांच्या यादीतील शेवटचे नाव खोडले गेले तरी खर्च सर्वस्वी थांबणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ईशान्येकडील क्राती प्रांतातील एका माध्यमिक शाळेच्या आवारात बागेसाठी जमीन खणताना हातबाँब व इतर दारूगोळा निघू लागला. शोध घेता घेता युद्धकाळातील दोन हजारांहून अधिक नग बाहेर आले. त्या जागी पूर्वी सैन्याचे कोठार होते. वर्षानुवर्षे मुले त्या मैदानावर खेळत होती. शाळा काही दिवस बंद ठेवून पथकांनी सारे आवार मीटरामीटराने तपासले, आणि या तपासणीचा खर्च कोणत्याही वार्षिक यादीत आधी धरलेला नव्हता.